ग्रेफाइटच्या चित्राला हात लावला की आवाज यावा: कॅमेरा, सेन्सर की आणखी काही?

काळी_रेघ

मी ग्रेफाइटमध्ये काम करते. ६बी आणि ८बीच्या, म्हणजे मऊ आणि गडद उठणाऱ्या कांड्या, जाड कागद, बोटं. रंग वापरत नाही, आणि प्रोग्रॅमिंगचा गंध नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे उत्तरं त्या बेताने येतील.

सध्या एक मोठं चित्र चालू आहे. जमिनीखालची मुळं. कागद जवळजवळ तीन मीटर रुंद आहे आणि मुळं छातीच्या उंचीवरून खाली पसरत जातात. काढताना माझ्या लक्षात आलं की मला चित्राइतकाच त्याचा आवाज आवडतो. कांडी आडवी धरून घासली की एक भरड, लांब आवाज येतो. टोकाने बारीक रेघ ओढली की जवळजवळ शीळ. कागदाच्या खडबडीत जागेवर तोच आवाज मध्येच अडखळतो. चित्र पूर्ण झालं की हे सगळं गायब. बघणाऱ्याला फक्त काळं-पांढरं दिसतं. म्हणून मी काढतानाचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवलेत, प्रत्येक मुळाचे वेगळे. बघणाऱ्याचा हात ज्या मुळाजवळ जाईल त्या मुळाचा आवाज यावा, एवढीच कल्पना.

ओळखीच्या एकाने लॅपटॉपचा कॅमेरा आणि पी५.जेएस (ब्राउझरमध्ये चालणारं, कलाकारांसाठीचं कोडचं साधन) वापरून नमुना करून दिला. कॅमेरा हात ओळखतो, हाताची जागा कळते, त्याप्रमाणे आवाज वाजतो. चालतं. पण मित्रमंडळींना दाखवलं तेव्हा गंमत झाली. कुणी चित्राकडे बघेचना! सगळे कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतात, दोन-चार वेळा आवाज काढून बघतात, "भारी आहे" म्हणतात आणि पुढे जातात. शिवाय हात पुढे गेल्यावर आवाज मागून येतो, तो उशीर मला फार खुपतो.

नमुना करून देणाऱ्याचं म्हणणं आहे की प्रोजेक्टर लावू, हात जाईल तिथे मूळ उजळेल, मग लोक थांबतील. माझं मन घेत नाही, पण का घेत नाही ते नीट सांगताही येत नाही.

तर प्रश्न: कॅमेरा ठेवू की सेन्सर लावू? मला स्वतःला किती शिकावं लागेल? आणि मुख्य म्हणजे, हे खेळणं होऊ नये यासाठी काय करायचं?

---

सोल्डरची_वाफ

प्रदर्शनांसाठी असल्या वस्तू जोडून देणं हेच माझं काम, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुमच्याकडे सेन्सर आहेच. तुम्ही तो ६बीने काढलाय.

ग्रेफाइट वीज वाहतं. मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे विजेला होणारा अडथळा मोजायला ठेवा, एक सळई मुळाच्या एका टोकाला आणि दुसरी वीतभर अंतरावर टेकवा. ८बीने दाबून भरलेला रुंद पट्टा असेल तर काही हजार ते काही दहा हजार ओहम दिसतील. २बीची एकेरी फिकट रेघ असेल तर आकडा लाखांत जाईल किंवा मीटर हात टेकेल. हे एकदा करून बघाच, कारण त्यानंतर तुम्ही स्वतःच्या चित्राकडे वेगळ्या नजरेने बघाल. कुठे रेघ खंडित आहे, कुठे डोळ्याला जोडलेली दिसते पण प्रत्यक्षात तुटलेली आहे, ते मीटर सांगतो. (चारकोल वापरत असाल तर मात्र हे चालेल असं धरू नका. चित्रकारांचा साधा कोळसा कमी तापमानाला भाजलेला असतो आणि जवळजवळ वीज वाहतच नाही.)

आता स्पर्श कसा कळतो. एमपीआर१२१ नावाची एक छोटी चिप तयार पट्टीवर मिळते, तिला १२ तारा जोडता येतात. चिप प्रत्येक तारेत सूक्ष्म प्रमाणात चार्ज सोडते आणि व्होल्टेज किती चढलं ते मोजते. माणसाचं शरीर पाण्याने भरलेलं, वीज वाहणारं. बोट जवळ आलं की त्या रेघेची चार्ज साठवण्याची क्षमता वाढते आणि तेवढ्याच चार्जला व्होल्टेज कमी चढतं. तो फरक म्हणजे स्पर्श. बघणाऱ्याने दुसऱ्या हातात काहीही धरायला नको. मेकी मेकी नावाचा २०१२ सालचा प्रसिद्ध संच आहे, त्यात माणसाला अर्थिंगची तार धरावी लागते, कारण तिथे वीज शरीरातून वाहून वर्तुळ पूर्ण व्हावं लागतं. टेबलावर चाचणी घ्यायला तो छान, भिंतीवरच्या चित्राला गैरसोयीचा.

याचे परिणाम थेट चित्रावर होतात, आणि मला वाटतं तुम्हाला यातच मजा येईल:

दोन मुळं एकमेकांना चिकटली की विजेच्या दृष्टीने ती एकच. वेगळे आवाज हवे असतील तर मध्ये कोरा कागद सुटायला हवा. दोन मिलिमीटरही पुरतात, पण बोटाने पसरवलेली धूसर सावली त्या फटीत गेली असेल तर ती सावली पूल बांधते. खोडरबराने फट साफ करा, मीटर लावा, मग पुढे.

मूळ टोकाकडे फिकट होत गेलं तर टोकापर्यंत चार्ज पोचत नाही. चिपला मोजायला काही मायक्रोसेकंद मिळतात आणि वाटेत अडथळा फार असला तर चिपला फक्त सुरुवातीचाच भाग दिसतो. म्हणजे टोक मुकं राहील. टोक बोलायला हवं असेल तर तिथे काळं भरा, किंवा जोडणी मुळाच्या मध्यावर द्या.

जोडणीची जागा हा खरा नाजूक भाग. तांब्याची चिकटपट्टी मिळते, पण बऱ्याच पट्ट्यांचा गोंद वीज वाहत नाही. पट्टी चिकटलेली दिसते आणि मीटर म्हणतो काहीच जोडलेलं नाही. कागदाच्या कडेला ग्रेफाइट दाट भरून, त्यावर वीज वाहणाऱ्या काळ्या रंगाचा एक ठिपका आणि त्या ठिपक्यात तांबं बसवा. हे सगळं फिक्सेटिव्ह (ग्रेफाइट पुसू नये म्हणून फवारतात तो द्रव) मारण्याआधी. फिक्सेटिव्हचा थर वीज अडवतो, पण तो इतका पातळ असतो की बोटाचा परिणाम त्यातून आरामात कळतो. तांब्याची जोडणी मात्र त्या थरावर बसवली तर गेली.

चिप सुरू होताना जे आकडे दिसतात त्यांना ती "कुणी नाही" असं समजते. म्हणून चालू करताना चित्राला कुणी टेकून उभं नाही ना, ते बघा. हवेतला दमटपणा बदलतो तसे आकडे सावकाश सरकतात, त्याच्यामागे चिप आपोआप जाते. चिप चित्राच्या अगदी मागे ठेवा, तारा लांबवू नका, लांब तार आसपासच्या विजेची गुणगुण गोळा करते. लॅपटॉप चार्जरवर असताना आणि नसताना आकडे वेगळे येतील. दोन्ही तपासा.

आता खेळण्याबद्दल. तुमच्या नमुन्यात हात मुळाजवळ गेला की आवाज, पुन्हा गेला की पुन्हा तोच. ती दारावरची घंटा झाली. घंटा कुणी किती वेळ वाजवणार? पण तुमच्याच प्रश्नात उत्तर लपलंय. कांडीचा आवाज ती सरकत असताना येतो. थांबली की आवाज थांबतो. मग बघणाऱ्याच्या हातालाही हाच नियम लावा. हात मुळावर ठेवून स्थिर उभा राहिला तर शांतता. हात मुळावरून सरकला तर आवाज. हळू सरकला तर तुमचा हळू ओढलेला आवाज, भरभर गेला तर भरभरचा. यासाठी एका मुळाचे तीन-चार तुकडे करा, मध्ये केसाएवढ्या फटी सोडा आणि तुकडे कोणत्या क्रमाने, किती अंतराने जागे झाले त्यावरून दिशा आणि वेग काढा. १२ तारा कमी पडतील. चिपच्या तशा चार पट्ट्या एकाच वायरिंगवर बसतात, म्हणजे ४८.

असं केलंत तर बघणारा नकळत तुमच्याच हाताची हालचाल परत करतो. कॅमेऱ्यासमोर हात हलवण्यात ते कधीच येणार नाही. तिथे हात हवेत असतो, त्याला कागदाचा खडबडीतपणा लागतच नाही.

प्रोजेक्टरबद्दल तुमचं मन का घेत नाही ते मी सांगतो. प्रोजेक्टर काळं टाकू शकत नाही, फक्त उजेड टाकू शकतो. तुमचं चित्र काळ्याचं आहे. काळ्यावर उजेड पडला की तो गिळला जातो, शिवाय ग्रेफाइटला चकाकी असते, त्यामुळे एका कोनातून रेघ पांढरी चमकेल. आणि प्रोजेक्टर दिसावा म्हणून खोली अंधारी करावी लागेल, म्हणजे चित्रच बुडालं.

---

जुनाट_माणूस

एक सरळ प्रश्न. चांगलं चित्र असेल तर त्याला आवाजाची काय गरज? आणि आवाज चांगला असेल तर चित्राची? सगळीकडे काहीतरी हललंच पाहिजे, वाजलंच पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

---

काळी_रेघ

@जुनाट_माणूस, चित्र वाजवायचं नाहीये मला. चित्र काढताना ते वाजलेलंच आहे, मी फक्त तेवढं परत देतेय. पार्श्वसंगीत टाकलं असतं तर तुमच्याशी सहमत झाले असते.

@सोल्डरची_वाफ, मीटर आणला. आज दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. सविस्तर लिहिते नंतर.

---

फ्रेमड्रॉप

मी कोड लिहिणारा आहे, त्यामुळे कॅमेऱ्याची बाजू मांडणं भाग आहे. वरच्या उत्तराशी मी बराचसा सहमत आहे, पण कॅमेऱ्याला उगाच शिव्या बसतायत.

आधी उशीर. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंद. त्यात चित्र लॅपटॉपपर्यंत येण्याचा वेळ, मग हात ओळखणाऱ्या मॉडेलचा वेळ, मग ब्राउझर आवाज तुकड्यातुकड्याने बाहेर सोडतो त्याचा वेळ. सहज १०० च्या वर जातं. वाद्य वाजवणाऱ्याला साधारण १० मिलिसेकंदांच्या आत आवाज हवा असतो. घासण्याचा आवाज म्हणजे वाद्यच, म्हणून तुम्हाला खुपलं. पावसाचा किंवा वाऱ्याचा आवाज असता तर एवढं जाणवलं नसतं.

पण त्या नमुन्यात हाताचे २१ बिंदू ओळखले जात असणार, आणि तुम्हाला त्यातला एकही नको आहे. तुम्हाला "या भागात काही हललं का" एवढंच हवं. त्यासाठी आधीचं चित्र आणि आत्ताचं चित्र वजा करायचं, उरेल ती हालचाल. हे जुनं तंत्र आहे आणि अगदी स्वस्तात चालतं, म्हणजे संगणकाच्या ताकदीच्या हिशोबाने. कॅनडाच्या डेव्हिड रोकबीने १९८०च्या दशकात 'व्हेरी नर्व्हस सिस्टिम' केलं, त्यात कॅमेऱ्यासमोरची शरीराची हालचाल थेट आवाजात उतरायची, आणि तेव्हाचे संगणक आजच्या फोनच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. लोक कॅमेऱ्याकडे बघतात याचं कारण कॅमेरा त्यांच्या समोर होता. तो छताला लावा, कडेने भिंतीला समांतर बघू द्या. डॅनियल रोझिनच्या १९९९च्या लाकडी आरशात ८३० लाकडी तुकडे मोटरींनी हलून समोरच्या माणसाची प्रतिमा बनवतात. कॅमेरा त्यातही आहे, पण तो लाकडात दडलेला, म्हणून माणूस लाकडाकडेच बघत राहतो.

हे सगळं सांगूनही तुमच्या कामाला मी कॅमेरा सुचवणार नाही. कारण स्पर्श झाला की नुसता जवळ आला, हे कॅमेऱ्याला कळत नाही. आणि तुमचं सगळं त्या घासण्यावर आहे.

शिकण्याबद्दल. दोन वाटा दिसतात. एक, आर्डुइनोचा (सेन्सर जोडायचे छोटे बोर्ड असतात ते) लिओनार्डोसारखा बोर्ड घ्या, जो संगणकाला कीबोर्ड किंवा मिडी वाद्य, म्हणजे संगणकाला जोडायचं डिजिटल वाद्य म्हणून दिसतो. मग आवाजाच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये "ही कळ दाबली की हा आवाज" एवढं जोडायचं, कोड नावापुरता. पण त्यात सरकण्याचा वेग पकडणं कठीण. दुसरी, आवाजाची बाजू प्युअर डेटामध्ये करा. मिलर पकेटने बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात ओळी लिहायच्या नसतात, डबे काढून तारांनी जोडायचे असतात. चित्रकारांना ते लवकर समजतं असा माझा अनुभव. पी५ मला स्वतःला फार आवडतं, २०१३ पासूनचं आहे, ते ज्यावरून आलं ते प्रोसेसिंग नावाचं साधन तर २००१ पासून चित्रकारांसाठीच घडवलंय. पण ब्राउझरमधल्या आवाजाची एक खोड सांगून ठेवतो: पानावर कुणी क्लिक करेपर्यंत ब्राउझर आवाज सुरूच करत नाही. सकाळी प्रदर्शन उघडलं, मशीन आपोआप सुरू झालं, सेन्सरचे आकडे येतायत, आणि चित्र मुकं. सगळे तारा तपासत बसतात.

आकडे गाळून घ्या. सेन्सर कधीच स्थिर आकडा देत नाही, तो थरथरतो. एकच सीमा ठेवली तर सीमेवर हात असताना आवाज तडतडत चालू-बंद होतो. दोन सीमा ठेवा: सुरू व्हायला वरची, बंद व्हायला खालची. एवढ्या एका गोष्टीने काम "बिघडलेलं" वाटायचं थांबतं.

आणि स्पीकर कोपऱ्यात ठेवू नका. एक्सायटर म्हणून मिळतो तो बघा, स्पीकरचाच भाऊ, फक्त पडदा नसलेला. तो चित्रामागच्या फळीला चिकटवायचा, फळीच थरथरते आणि आवाज चित्रातून येतो. मुळावर हात ठेवलेल्याला ती थरथर बोटांतही लागेल. त्याच्या तारा सेन्सरच्या तारांपासून लांब न्या, नाहीतर तुमचाच आवाज तुमच्या सेन्सरला स्पर्श वाटेल आणि चित्र स्वतःशीच बोलत बसेल. ऐकायला मजेशीर आहे, पण तुम्हाला नको ते.

---

काळी_रेघ

दोघांचेही मनापासून आभार. आता सविस्तर.

छोट्या कागदावर तीन मुळं काढली, प्रत्येकाचे तुकडे केले, चिपची पट्टी जोडली. चालतं! लॅपटॉपच्या स्क्रीनवर आकडे धावताना बघत मी बोट मुळावरून नेत होते आणि आकडा एका तुकड्यातून दुसऱ्यात उतरत होता. फटींचं मात्र वेगळंच झालं. मला वाटलं होतं त्या तुटलेल्या दिसतील. उलट मुळांना सांधे आले. आता मी फटी मुद्दाम दिसतील अशा ठेवतेय.

स्थिर हाताला शांतता, हा नियम लावल्यावर माणसं बदलली. पहिल्यांदा हात ठेवतात, काही होत नाही, म्हणून हात काढताना बोट सरकतं आणि आवाज येतो. तिथून पुढे ती कागद चाचपायला लागतात. एक मैत्रीण डोळे मिटून एकच मूळ वर-खाली करत राहिली. मी बाजूला उभी होते, तिने विचारलं, "इथे तू हात उचलला होतास का?" खरंच उचलला होता, ध्वनिमुद्रणात तिथे खंड आहे.

आता नवी अडचण. त्यांची बोटं काळी होतात आणि माझा कागद मळतो. फटींमध्ये धूसर ग्रेफाइट जातंय, दोन मुळं मध्येच एकत्र वाजायला लागली. फिक्सेटिव्ह मारलं की पृष्ठभाग बोटाला मेल्यासारखा लागतो, ते मला अजिबात नको. काय करू? आणि लोकांना हात लावायला सांगायचं कसं? "स्पर्श करा" अशी पाटी लावायची कल्पनाच सहन होत नाही.

---

पानगळ

मी कागदावरच्या जुन्या कामांची जपणूक करते, त्यामुळे हा धागा वाचताना अंगावर काटा येत होता आणि तरी थांबवेना.

जपणुकीच्या बाजूने आधी. ग्रेफाइट रासायनिकदृष्ट्या फार टिकाऊ, उजेडाने उडत नाही. त्याचा शत्रू घर्षण. बोटांमधलं तेल आणि घाम कागदात जिरतो, आज दिसत नाही, काही वर्षांनी पिवळा डाग म्हणून वर येतो. आणि वर तांब्याची पट्टी सुचवलीय ती कागदाला थेट लावू नका. तांबं गंजलं की त्याचे क्षार कागदाच्या तंतूंची झीज वेगाने करतात. जुन्या हस्तलिखितांत तांब्याचा हिरवा रंग कागद खात खात पलीकडे गेलेला असतो, तोच प्रकार. कडेला आम्लरहित कागदाची वेगळी पट्टी जोडा, ग्रेफाइट त्या पट्टीवर ओढत न्या, तांबं तिथे.

तुम्हाला कागद जपायचाच असेल तर दुसरी रीत आहे. विजेचे पट्टे मागच्या फळीवर काढा आणि चित्राचा कागद त्यावर ताणून बसवा. कागदाच्या जाडीतून स्पर्श कळतो. मग समोरच्या चित्रात फटी सोडायची गरज नाही, मळलं तरी वाजण्यात फरक पडत नाही, आणि पुढे कागद बदलता येतो. फक्त समोरचं ग्रेफाइट स्वतःच वीज वाहतं, त्यामुळे सलग दाट काळं असेल तर मागच्या दोन पट्ट्यांचे स्पर्श एकमेकांत मिसळू शकतात. चाचणी घ्या.

पण तुमचं लिहिणं वाचून मला वाटतं की तुम्ही ही रीत घेणार नाही, आणि घेऊ नये. तुमच्या कामात बघणारा चित्र झिजवतो, हे काही उपद्रव नाही. तो कामाचाच भाग होऊ शकतो. प्रत्येक हाताबरोबर थोडं ग्रेफाइट बोटावर जातं, थोडं फटीत सरकतं. फटी बुजत जातील तसतशी मुळं एकमेकांशी जोडली जातील, शेवटच्या दिवशी एक मूळ चाचपलं तर तीन वाजतील. हे तुम्ही ठरवून केलंत तर बिघाड राहणार नाही. मात्र ठरवावं लागेल: फटी रोज साफ करायच्या, की नाहीच? अर्धवट नको. एका दिवशी साफ केलं आणि दुसऱ्या दिवशी विसरलं, तर बघणाऱ्याला ते फक्त गलथान वाटेल.

तसं असेल तर काम म्हणजे नक्की काय, हे आजच लिहून ठेवा. कागद? ध्वनिमुद्रणं? की स्थिर हाताला शांतता हा नियम? असल्या कामांची यंत्रं फार लवकर मरतात. किनेक्ट, म्हणजे शरीराची हालचाल ओळखणारा मायक्रोसॉफ्टचा कॅमेरा, २०१० च्या नोव्हेंबरमध्ये आला, जगभरच्या कलाकारांनी त्यावर कामं उभी केली, आणि २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. ब्राउझरमध्ये अॅनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅश सॉफ्टवेअरचा आधार २०२० च्या अखेरीस संपला आणि ब्राउझरमधली कितीतरी कामं एका तारखेनंतर उघडेनाशी झाली. तुमची चिपही एक दिवस मिळणार नाही. मग दुसरी कुठली लावली तर चालेल? आवाज किती उशिरा आला तर ते तुमचं काम राहणार नाही? दुसऱ्या कुणी मुळं काढली तर? राफाएल लोझानो-हेमर यांच्या २००६च्या 'पल्स रूम'मध्ये शेकडो दिवे बघणाऱ्यांच्या नाडीच्या ठोक्यांवर लुकलुकतात, आणि तापून उजळणारे तसे दिवे मिळणं आता अवघड होत चाललंय. दिवा बदलला तर काम तेच राहतं का, हा प्रश्न अशा प्रत्येक कामाला कधी ना कधी पडतो. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर माझ्यासारखी कुणीतरी तुमच्या वतीने देईल, आणि ते तुम्हाला आवडेलच असं नाही.

पाटीबद्दल: सगळ्यात खालच्या, सहज हाताशी येणाऱ्या मुळावर तुमचेच बोटांचे ठसे मुद्दाम राहू द्या. स्पष्ट, काळे, चार बोटांचे. चित्राला हात लावायचा नसतो हे लोकांना लहानपणापासून शिकवलेलं असतं, पण आधी कुणीतरी लावलाय हे दिसलं की हात आपोआप पुढे येतो.

---

सोल्डरची_वाफ

@पानगळ, तांब्याचं माहीत नव्हतं, यापुढे लक्षात ठेवीन. झिजवण्याची कल्पना घ्यायची तर एक तांत्रिक गोष्ट जोडतो. फटी बुजत जातील तसे चिपचे मूळ आकडे बदलत जातील आणि चिपची आपोआप जुळवून घेण्याची सवय तुमची झीज लपवायला बघेल. ती सवय बंद करू नका, नाहीतर दमट दिवशी सगळंच वाजायला लागेल. त्याऐवजी दररोज चालू झाल्याबरोबर प्रत्येक तारेचा कोरा, म्हणजे चिपने जुळवून घेण्याआधीचा आकडा तारखेसह फाइलमध्ये लिहायला लावा. आठ-दहा ओळींचा कोड आहे, मी देतो. दोन तारांचे आकडे एकदमच हलायला लागले की समजायचं, पूल बांधला गेला.

आणखी एक. सगळ्यात जास्त हात लागणारं मूळ सगळ्यात आधी टोकाला मुकं होईल, कारण तिथलं ग्रेफाइट बोटांनी नेलेलं असेल. म्हणजे आवडतं मूळ आधी गप्प होणार. याला उपाय सांगू का, की राहू दे?

---

काळी_रेघ

राहू दे. फटी साफ करणार नाही, हेही ठरलं. @पानगळ, ठसे घेतले, डाव्या हाताचे, कारण उजव्या हातात कांडी असते.

कोड पाठवा, आकड्यांची फाइल ठेवते. पण ती माझ्यासाठी. त्याचा आलेख काढून चित्राशेजारी टांगा असं कुणी सुचवू नका, नमुना करून देणाऱ्याने आजच सुचवलंय.